कोणाचं अंग, कोणतं मालीश

स्पाच्या काउंटरवर जे कार्ड हातात ठेवतात, त्यावर वीस-पंचवीस नावं सहज असतात. स्वीडिश, डीप टिश्यू, बालीनीज, थाई, शिआत्सू, हॉट स्टोन, अरोमा, अभ्यंग, शिरोधारा, फूट रिफ्लेक्सॉलॉजी. नावापुढे मिनिटं, मिनिटांपुढे रुपये. कशाने काय होतं हे बहुधा लिहिलेलं नसतं. लिहिलंच तर ‘शरीरातील विषद्रव्यांचा निचरा’ असं असतं आणि ते जवळजवळ प्रत्येक नावापुढे असतं. पाठ धरलेला माणूस मग दर बघतो आणि मधल्या दराचं काहीतरी सांगून मोकळा होतो.

ही यादी दिसते तेवढी लांब नाही. एका माणसाचा हात दुसऱ्याच्या अंगावर ज्या क्रिया करू शकतो, त्या मोजक्याच आहेत. ॲमस्टरडॅमच्या योहान गेओर्ग मेझगर या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात त्यांची वर्गवारी रूढ केली. मुरगळलेला घोटा चोळून बरा करणं या विषयावर त्याने १८६८ मध्ये प्रबंध लिहिला होता. त्याच्या परंपरेत या क्रियांना भारदस्त फ्रेंच नावं मिळाली, पण त्या आपल्या घरोघरी चालत आलेल्याच आहेत: तेल पसरवत लांबवर हात फिरवणं, कणकेसारखं मळणं, अंगठ्याने एकाच जागी रगडणं, मुठीने किंवा तळव्याने थोपटणं आणि हात टेकवून थरथरवणं. यात आशियातल्या पद्धतींचा भर असलेलं चेपणं आणि ताणणं मिळवलं की जगातलं बहुतेक मालीश यातच बसतं. फरक उरतो तो जोर किती, वेग किती, तेल आहे की कोरडं, माणूस टेबलावर आहे की सतरंजीवर आणि हात कोणत्या थरापर्यंत पोचवायचा आहे, यात.

निवड करताना माझ्या मते हा थरच आधी पाहावा.

सर्वांत वरचा थर त्वचेचा. केसाळ त्वचेत, म्हणजे तळहात-तळपाय सोडून जवळजवळ सगळ्या अंगावर, काही फार मंद गतीचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथपणे हात फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात. त्याहून भरभर किंवा अगदीच रेंगाळत फिरला की त्यांचा प्रतिसाद कमी होतो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला हाकान उलाउसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. नेमकं कुठे आणि काय लागलं याची बातमी हे तंतू फारशी देत नाहीत, त्यांचं काम बरं वाटण्याशी निगडित आहे. तान्ह्या लेकराच्या अंगावरून आईबाप आपोआप ज्या वेगाने हात फिरवतात, तो याच पट्ट्यात बसतो. झोप नीट लागत नाही, दिवसभराच्या कामाने डोकं भणाणलं आहे, कुठेच नेमकं दुखत नाही पण सगळं अंग आंबून गेलं आहे, अशा माणसाला हा वरचा थर पुरतो. त्याने कोपराने रगडून घ्यायचं काही कारण नाही.

दुसरा थर स्नायूंचा, आणि इथे गैरसमज दाट आहेत. व्यायामानंतर साचलेलं लॅक्टिक आम्ल मालीशने निघून जातं, असं जिममधला ट्रेनर छातीठोकपणे सांगतो. ते आम्ल शरीर स्वतःच तासा-दीड तासात वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना सायकलवर पार दमेपर्यंत पिटाळून, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालीश करून, दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅक्टिक आम्लात काही फरक नव्हता. मात्र मालीश झालेल्या पायात दाह वाढवणारे रासायनिक संदेश कमी होते आणि पेशींमधली ऊर्जाकेंद्रं नव्याने तयार करवणारे संदेश जास्त होते. अकरा जणांवरून मोठं विधान करता येत नाही. तरी ‘बरं वाटतं’ यापलीकडे स्नायूंत काहीतरी घडतं, एवढं त्यातून दिसतं.

खेळाडूंनी याच्या जोडीला दुसरा अभ्यासही माहीत करून घ्यावा. २०२० मध्ये २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. मालीशने ताकद, उडी, धाव किंवा दम वाढल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. लवचिकता थोडी वाढते आणि नंतरचं दुखणं थोडं कमी होतं, एवढंच. मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी पोटऱ्या कसून रगडून घेणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. कोल्हापूरच्या तालमींत मात्र जोर-बैठका आणि लढती झाल्यावर एकमेकांचं अंग रगडायची रीत आहे. तिथे मालीश कसरतीच्या जागी येत नाही, ते कसरतीच्या मागून येतं, आणि रगडणाऱ्या पोरालाही त्यात मेहनत होते.

तिसरा थर लसीकेचा. त्वचेच्या लगेच खाली बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी ते परत रक्ताकडे नेतं. डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि एस्त्रिद व्होडर या जोडप्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना या जाळ्यासाठी हाताची पद्धत बसवली. या प्रकाराची गंमत अशी की यात जोर जवळजवळ नसतोच. त्वचा नुसती सरकेल इतकाच स्पर्श, तोही ठरलेल्या दिशेने. तेल चोपडून जोरात रगडणाऱ्या जागी ‘लिम्फॅटिक ड्रेनेज’ अशी पाटी असेल, तर पाटीवर दुसरंच काही लिहायला हवं होतं असं समजा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यावर काही बायकांचा हात सुजतो, त्यांना या हलक्या हाताचा उपयोग होतो. पण तो एकट्याने फारसा पुरत नाही; दाबाचे पट्टे किंवा बाही, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीने तो देतात. पूर्व विदर्भात हत्तीरोगाने पाय सुजलेले लोक भेटतात. तिथेही पाय रोज साबणाने धुऊन कोरडा करणं, भेगा-जखमांवर लगेच उपचार करणं, पाय उंच ठेवणं आणि घोटा हलवत राहणं याला पहिला मान आहे. सुजलेला पाय तेल लावून रगडणं हे त्यात बसत नाही.

आता नावांकडे येऊ.

स्वीडिश मालीश हे मेझगरच्या पाच क्रियांचं मध्यम जोराचं मिश्रण. त्याचं श्रेय पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामशिक्षकाला दिलं जातं. त्याने १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामाची राष्ट्रीय संस्था काढली हे खरं, पण ही नावं लावलेले हात त्याचे नाहीत. पहिल्यांदाच मालीश घेणाऱ्याने इथून सुरुवात करावी. बालीनीज आणि अरोमा ही याचीच सुगंधी भावंडं. हॉट स्टोन म्हणजे त्यात शेकाची भर.

डीप टिश्यूमध्ये अंगठा, बोटांची पेरं, कोपर वापरून सावकाश खोल जातात. याच घराण्यातलं ट्रिगर पॉइंटचं काम जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी डॉक्टरबाईंनी मांडलं. त्या जॉन केनेडी यांच्या वैयक्तिक डॉक्टर होत्या. खांद्यावरच्या ताठ गाठीवर दाब दिला की दुखणं कानामागे किंवा कपाळावर जाणवतं, हा अनुभव संगणकासमोर बसणाऱ्या पुष्कळांना आहे. गाठ म्हणजे नेमकं काय, यावर अजून वाद चालू आहेत. दाबाने उतार पडतो, हे मात्र रोज दिसतं. या प्रकारात ‘जितकं दुखेल तितकं बरं’ ही समजूत सर्वांत महाग पडते. गोड दुखणं आणि श्वास अडकवणारं दुखणं यांतला फरक प्रत्येकाला कळतो. श्वास अडकला की अंग आखडतं, आणि आखडलेल्या स्नायूवर जोर लावून काळे-निळे डाग सोडून दुसरं काही मिळत नाही.

थाई पद्धतीत तेल नाही, कपडे उतरवणं नाही. गादीवर झोपवून अंगठे, तळवे, गुडघे, पावलं यांनी चेपतात आणि हातपाय धरून ताणतात. आपल्याकडे योगासनं करणाऱ्याला ते कुणीतरी करून दिलेल्या आसनांसारखं वाटतं. थाई मालीशवाले आपल्या विद्येचं मूळ जीवकाकडे नेतात. मगधच्या बिंबिसाराचा आणि बुद्धाचा वैद्य म्हणून बौद्ध ग्रंथांत प्रसिद्ध असलेला तो जीवक. इतिहास म्हणून ही साखळी सिद्ध करता येत नाही, पण बँकॉकच्या वाट फो मंदिरात गेलात तर शरीरातल्या रेषा आणि दाबाच्या जागा दाखवणाऱ्या शिळा बघायला मिळतात; राजा तिसरा राम याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या कोरल्या गेल्या. त्याच मंदिरात १९५५ पासून मालीशची शाळा चालते आणि २०१९ मध्ये युनेस्कोने थाई मालीशला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आखडलेल्या, बैठ्या पण एरवी धडधाकट शरीराला हा प्रकार फार चांगला. गुडघा-खुब्याचा सांधा बदललेला, हाडं ठिसूळ झालेली किंवा चकती सरकलेली असेल, तर याच्या वाटेला जाऊ नये.

जपानच्या शिआत्सूमध्ये ताणणं कमी, अंगठ्यांचा सरळ दाब जास्त. तोकुजिरो नामिकोशी यांनी १९४० मध्ये तिची संस्था उभी केली. त्याहून मोलाची गोष्ट जपानच्या जुन्या ‘अन्मा’ मालीशची आहे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी या विद्येच्या शाळा सुरू केल्या आणि पुढे शतकानुशतकं हा धंदा प्रामुख्याने अंधांच्या हातात राहिला. आजही जपानमध्ये हे काम करायला राष्ट्रीय परीक्षा पास व्हावी लागते. आपल्याकडे असं काही नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

पायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीबद्दल मी थोडा कडक आहे. तळव्यावर यकृत, मूत्रपिंड, डोळे अशा जागा दाखवणारा रंगीत तक्ता तुम्ही पाहिला असेल. तो फार प्राचीन असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात त्याची मांडणी अमेरिकेतली, विल्यम फिट्झजेराल्ड आणि नंतर युनिस इंगम यांची, विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतली. तळव्याची अमुक जागा दाबून अमुक अवयव सुधारतो, याला पटण्यासारखा पुरावा नाही. पाय चेपून घेतल्यावर शांत झोप लागते याला तक्त्याची गरजच नाही. घरी काशाची वाटी आणि चमचाभर तूप किंवा खोबरेल एवढ्यावर ते होतं. वाटीच्या तळाने तळवा घासताना तूप काळं पडतं ते धातूमुळे. ‘शरीरातली उष्णता बाहेर आली’ हे वाटीचं काळं दाखवून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्या अभ्यंगाकडे मात्र जरा सावकाश पाहायला हवं, कारण स्पाच्या कार्डावर गेल्यापासून त्याचे पाय तुटले आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात तो दिनचर्येत घातला आहे, म्हणजे तो चैनीचा कार्यक्रम नाही, दात घासण्याच्या पंगतीतला आहे. डोकं, कान आणि पाय इथे विशेष करून तेल लावायला तो सांगतो. आणि लगेच पुढे कोणी लावू नये हेही सांगतो: कफाने घेरलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतंच शोधन झालेल्याने. त्यानंतर व्यायाम आणि मग उटण्यासारखं कोरडं चूर्ण चोळणं येतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल, उटणं आणि कढत पाणी या क्रमाने आपण वर्षातून एकदा तेवढं पाळतो. थंडीत तिळाचं तेल, कोकणात खोबरेल, ही निवड हवामानाने आणि पिकाने केली आहे. वैद्यांची तेलं, म्हणजे नारायण, बला, क्षीरबला, ही बहुधा तिळाच्या तेलात काढा आणि वाटलेली औषधं घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवलेली असतात. अभ्यंगाचा हात लांब हाडांवर लांब आणि सांध्यांवर गोल फिरतो, जोर मध्यम असतो. पंचकर्मात त्याची जागा पूर्वतयारीची असते. त्यामुळे ‘पंचकर्म, पंचेचाळीस मिनिटं’ अशी पाटी दिसली की हसू येतं.

केरळात या विद्येला कळरीच्या आखाड्याची जोड मिळाली. कळरीपयट्टूचे गुरू दोराला धरून तोल सांभाळत शिष्याच्या अंगावर पायाने तेल रगडतात. त्याखेरीज कोमट तेलाची धार अंगभर धरणारं पिळिच्चिल आहे, आणि साठ दिवसांत तयार होणारा ञवरा तांदूळ दुधात आणि काढ्यात शिजवून त्याच्या पुरचुंड्यांनी शेकणारं ञवरक्किळी आहे. पक्षाघातानंतर, स्नायू सुकत चालल्यावर किंवा जुनाट सांधेदुखीत ही कर्मं वैद्याच्या देखरेखीखाली आठवडाभर, दोन आठवडे चालतात. कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा १९०२ पासून हे काम करते. सहलीला गेलेल्यांसाठी केरळ पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांना दर्जे दिले आहेत. हाउसबोटीच्या धक्क्यावर कुणी ओढून नेऊ लागला तर निदान हे विचारता येतं. आपल्याकडे उरुळी कांचनला गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमात मालीश हे आहार, चालणं, माती आणि पाणी यांच्या बरोबरीने दिलं जातं. मला ही मांडणी योग्य वाटते, कारण रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून सकाळी शिरोधारा घेणाऱ्याला नुसत्या धारेने फार काही साधत नाही.

इतकी नावं झाल्यावर साहजिक प्रश्न येतो की यांतलं सर्वांत गुणकारी कोणतं. याचं जे उत्तर संशोधनातून मिळालं, ते धंदेवाल्यांना फारसं आवडणारं नाही. अमेरिकेत सिॲटल परिसरात डॅनियल चेरकिन आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला नेमक्या स्नायूंवर आणि सांध्यांभोवती काम करणारं उपचारात्मक मालीश, दुसऱ्याला नुसतं आराम देणारं मालीश, दोन्ही आठवड्यातून एकदा असं दहा आठवडे. तिसऱ्याला नेहमीची औषधं वगैरे. दहा आठवड्यांनी मालीशच्या दोन्ही गटांतल्या तिघांत एकाहून जास्त जणांचं दुखणं जवळजवळ गेलं होतं. तिसऱ्या गटात हे प्रमाण पंचविसांत एक होतं. आणि मालीशच्या दोन गटांत एकमेकांपेक्षा सांगण्यासारखा फरक नव्हता. वर्ष उलटेपर्यंत फायदा बराच ओसरला. २०११ चा हा अभ्यास. तो वाचताना एक लक्षात ठेवायचं की मालीश मिळालेल्याला आपल्याला ते मिळालंय हे माहीत असतं, आणि न मिळालेला थोडा हिरमुसलेला असतो. तेवढी सूट देऊनही निष्कर्ष उरतो: साध्या कंबरदुखीला कोणत्या नावाचं मालीश, यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. जवळ, परवडणारं आणि ज्याच्या हाताखाली अंग सैल पडतं ते घ्यावं.

नावापेक्षा मात्रेने जास्त फरक पडतो. मानदुखीच्या २२८ जणांवर २०१४ मध्ये झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर मालीश घेणाऱ्यांना चांगला गुण आला. अर्ध्या तासाच्या बैठका घेणारे न घेणाऱ्यांच्या फारसे पुढे गेले नाहीत. झिजलेल्या गुडघ्यांसाठी स्वीडिश मालीश तासभर, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे ही मात्रा ठीक ठरली. विमानतळावर पंधरा मिनिटं खुर्चीत खांदे दाबून घेणं सुखाचं असतं, त्याला उपचार म्हणू नये. आठवड्यातून तीनदा तासभर कुणाला परवडतं, हा प्रश्न रास्तच आहे. टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून खांद्याच्या पात्याभोवती फिरवा, रोज दहा मिनिटं. त्याने आणि मानेच्या व्यायामाने पुष्कळ भागतं.

निवड चुकली तर बहुधा पैसे वाया जातात, एवढंच. काही ठिकाणी मात्र जीव जातो. २०१६ मध्ये दिल्लीतल्या एका तेवीस वर्षांच्या मुलाचा घोटा खेळताना दुखावला होता. प्लास्टर निघालं तरी पाय दुखत आणि सुजत होता. आईने प्रेमाने तेल लावून पाय चोळून दिला आणि थोड्याच वेळात मुलगा कोसळला. पाय बरेच दिवस हलला नव्हता, त्यामुळे खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. चोळण्याने ती सुटून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली. एम्सच्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण, लांबचा बसून केलेला प्रवास किंवा आठवडाभराचं अंथरूण यानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला हात लावायचा नाही, थेट डॉक्टरकडे जायचं.

दुसरी जागा मान. केस कापल्यावर न्हावी डोकं थोपटतो इथवर ठीक. मग तो हनुवटी धरून मान कट्कन वळवतो, तिथे ‘नको’ म्हणावं. दिल्लीच्या आसपास २०१७ मध्ये अशा मोडणीनंतर पन्नाशीतल्या एका माणसाच्या श्वासपटलाचे मज्जातंतू निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला श्वासासाठी यंत्राचा आधार लागला. पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून केस धुताना मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रमाण फार कमी आहे, पण मानेखाली टॉवेलची गुंडाळी मागायला पैसे पडत नाहीत.

तिसरी जागा कोपर, आणि ही खास आपल्याकडची. पोर झाडावरून पडतं, कोपर सुजतं, घरचे हाडवैद्याकडे नेतात, तो चोळून पट्टी बांधतो. कोपराभोवतीच्या दुखावलेल्या स्नायूला रगडलं की त्यातच हाड तयार होऊ लागतं आणि सांधा कायमचा आखडतो. अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा, अशी मुलं त्यांनी हमखास पाहिलेली असतात. कुठलीही मोड, लचक, उसण यांत पहिले दोन-तीन दिवस चोळणं नकोच, आणि हाड मोडल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे.

बाकीच्या सावधगिऱ्या भराभर सांगतो. ताप, त्वचेवर गजकर्ण किंवा पू, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं: यांत मालीश टाळा किंवा डॉक्टरांना विचारून अगदी हलकं घ्या. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. गरम दगड आणि जोराचा अंगठा त्यांना कळतच नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी दिसतं. ठिसूळ हाडांच्या आजीला पाठीवर पाय देऊन तुडवायला नातवंडांना उभं करू नये. गरोदर बाईला कुशीवर झोपवून, पोटऱ्या न रगडता, सरावलेल्या हातानेच द्यावं. कर्करोग मालीशने पसरतो ही भीती खरी नाही, पण गाठीवर आणि कर्करोग पोचलेल्या हाडावर दाब नको. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं असेल, तर मालीशमध्ये वेळच घालवू नये.

घरातल्या मालीशबद्दल लिहिलं नाही तर हे प्रकरण अर्धं राहील, कारण मराठी घरात सर्वांत नियमित मालीश सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला आणि तिच्या बाळाला मिळतं. तेल लावायला येणारी बाई बाळाला पसरलेल्या पायांवर घेते आणि तिच्या हाताखाली रडणारं पोर आंघोळीनंतर तीन तास झोपतं. याच्या मागे पुरावाही आहे. टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये दाखवलं की दिवसातून तीनदा, दर वेळी पंधरा मिनिटं स्पर्श आणि हालचाल दिलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही खोबरेल तेलाच्या मालीशने बाळांचं वजन चांगलं वाढल्याचं दिसलं. मात्र बाईच्या पोतडीतल्या काही गोष्टींना ठाम नकार द्यायला हवा. नाकात-कानात तेल सोडणं (नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो), तान्ह्याच्या छातीतलं दूध पिळणं (तिथे गळू होतं), उलटं धरून झुलवणं, लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने त्वचा सोलवटेपर्यंत घासणं, आणि बंद खोलीत धुरी. सिझेरियन झालेल्या आईच्या पोटावर जखम भरेपर्यंत हात नको. पाठ, पाय, खांदे खुशाल. हे सगळं बाईला सासूबाईंच्या देखत सांगणं सोपं नसतं. डॉक्टरांच्या तोंडून सांगितलं की सहसा निभावतं.

आता हात कोणाचा, हा प्रश्न. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट चार वर्षांहून जास्त शिकून, रुग्णालयात काम करून आलेला असतो. आयुर्वेदाचा वैद्य साडेपाच वर्षांची पदवी घेतो, पण प्रत्यक्ष तेल लावणारा हात त्याच्या मदतनिसाचा असतो. स्पामधला थेरपिस्ट काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या प्रशिक्षणावर उभा असतो, आणि गल्लीतला मालीशवाला बापाकडून शिकलेला. दुखणं असेल तर पहिल्या दोघांकडे जावं, थकवा असेल तर चौघांपैकी कुणाचाही हात चालतो. चौपाटीवर बाटल्या वाजवत फिरणाऱ्याकडून चंपी करून घेण्यात कमीपणा नाही.

चांगल्या थेरपिस्टची खूण पहिल्या पाच मिनिटांत कळते. तो आधी विचारतो: कुठे दुखतं, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कधी ऑपरेशन झालंय का. सुरू केल्यावर जोर विचारतो. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवतो आणि बाकी अंग चादरीने झाकतो. कपडे किती उतरवायचे हे तुम्ही ठरवायचं असतं, बाईने बाई थेरपिस्ट मागणं यात संकोचाचं काही नाही, आणि हात नको तिथे गेला तर मध्येच उठून यायला कारण द्यावं लागत नाही. ‘मधुमेह घालवून देतो’, ‘पोट विरघळवतो’ असं सांगणाऱ्याकडे थांबू नये. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत, आणि मालीश झाल्यावर लगेच ताडकन उठू नये, कारण रक्तदाब थोडा उतरलेला असतो आणि तोल जातो.

दहा बैठकांचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका, कितीही सूट देऊ केली तरी. आधी एक, मग तीन. मान वळवताना, चपला घालताना, रात्री कूस बदलताना काय फरक पडला ते दर वेळी दुसऱ्या दिवशी वहीत टिपून ठेवा. मालीश संपल्या संपल्या सगळ्यांनाच हलकं वाटतं, त्यावर जाऊ नका. चार बैठकांत काही बदललं नसेल तर हात बदलून बघा. तरीही तेच असेल तर ती वही घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा.